संगणकातलं पाणीवाटप
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, त्यावरच बोल, पण आम्हाला समजेल असं बोल." म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय घेतला. नाव इंग्रजी असलं तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

आपल्या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आठवा. पाणी एक, बांध्या अनेक. रोवणीच्या दिवसांत पावसाने दडी मारली की प्रत्येकाला पाणी आधी हवं असतं. ज्याने त्याने पाट फोडला तर वरच्याची बांधी भरेल आणि खालच्याचे पऱ्हे वाळतील. म्हणून पाळी ठरते आणि ती सांभाळणारा कोणीतरी लागतो. संगणकातही हेच आहे. प्रोसेसरची ताकद ठरावीक, मेमरी ठरावीक आणि काम मागणारे प्रोग्राम शेकडो. प्रत्येकाला सेकंदाच्या काही हजारांश भागाची पाळी देणं, एकाला दुसऱ्याच्या बांधीत घुसू न देणं, डिस्क-प्रिंटरशी बोलणं, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टीम करते. ती दिसत नाही, पण तिच्यावाचून पान हलत नाही.

आता यातला धंदा पाहू. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टने पुरवली. तीही सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून घेतलेली. मात्र ती इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. पुढे तसेच संगणक बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या निघाल्या, यंत्रं स्वस्त झाली आणि खरी कमाई पाळी सांभाळणाऱ्याकडे गेली. आठवडी बाजारासारखंच हे. जिथे दुकानं जास्त तिथे माणसं जातात आणि जिथे माणसं जास्त तिथे दुकानं लागतात. एकदा बाजार भरला की तो हलवणं कठीण.

पण बाजाराच्या मालकाने मुदत संपवली की काय होतं? विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केली. तरी आपल्या देशातली कितीतरी एटीएम त्यावरच चालत राहिली. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे आखून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव एटीएम बदला, जून २०१९ पर्यंत सगळी. ती यंत्रं बंद पडलेली नव्हती, नोटा बरोबर मोजत होती. पण नवी भगदाडं बुजवणारं कोणी उरलं नव्हतं. तलावात पाणी आहे, पण फुटलेली पाळ कोणी बांधत नाही, अशी ती अवस्था होती.

दुसरी वाटही आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं. ते समजायला मेंढा-लेखाकडे पाहावं. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल सगळ्यांचं, पण नियम ठरलेले. लिनक्सचंही तसंच आहे: वापरा, बदला, वाटा, पण बदललेलं वाटलंत तर त्याचा कोडही उघडा ठेवा. आज जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या ॲंड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. सी-डॅकने भारतीय भाषांसह 'बॉस' नावाची आवृत्ती काढली आहे आणि केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकत आहेत.

हे सगळं आज सांगायला कारण आहे. आपण शाळेला नवे संगणक द्यायचे म्हणून वर्गणी काढतो आहोत. जुने बारा संगणक विंडोज १० चे आहेत. तिची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. वाढीव मुदत मिळते, पण ठरावीक काळापुरतीच. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप आणि प्रोसेसर यांतल्या बहुतेकांत नाहीत. म्हणून ते भंगारात काढायचे, असं बोललं जातंय. माझं म्हणणं वेगळं आहे. दोन नवे विंडोजचे घेऊ, कारण मुलांना पुढे कार्यालयांत आणि दुकानांत तेच भेटणार आहे. उरलेल्या जुन्यांवर लिनक्स टाकू. वाचलेल्या पैशांत इन्व्हर्टर येईल. लाइन गेली की तास बुडतो, ही तक्रार सरांनी आजच केली.

अडचणही सांगते. बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस विंडोजचा पटकन मिळतो, लिनक्सचा मिळत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस इथे थांबेन. दोन शिक्षक आणि नववीची चार मुलं-मुली द्या. संगणक उघडण्यापासून सगळं त्यांच्या हातून करून घेऊ. पुढच्या वर्षी तीच मुलं खालच्या वर्गाला शिकवतील.

आपल्या शाळेतल्या मुलांनी संगणक फक्त वापरू नये, त्यातली पाळी कोण ठरवतं हेही विचारावं, एवढीच इच्छा आहे. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे. माझी वर्गणी दोन्ही परिस्थितींत येईलच!