टाळं लावण्याआधीचा हिशेब



आजच्या विषयाचं नाव मोठं आहे: न्याय्य हरित संक्रमण आणि त्यासाठी जगाने करायची मदत. नाव ऐकलं की ग्लासगो, पॅरिस, बाकू अशी शहरं डोळ्यांसमोर येतात. पण या विषयाची परीक्षा आपल्या भागात होऊन गेली आहे आणि तिच्यात आपण नापास झालो आहोत. म्हणून मी सुरुवात उल्हासनगरच्या कॅम्प पाचपासून करतो.

बाजारात आपण जी फिकट, मांडीवर पांढुरकी, गुडघ्याशी विरलेली जीन्स विकत घेतो, ती तशी शिवली जात नाही. शिवून येते तेव्हा ती पुठ्ठ्यासारखी ताठ आणि गडद निळी असते. मग ती मोठ्या फिरत्या ड्रममध्ये जाते. आधी खळ काढायची, मग प्युमिस दगड टाकून घोळवायची, नंतर ब्लीच. मांडीवरचा पांढरा पट्टा हवा असेल तर पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारायचा. त्याला कारागीर ‘पीपी स्प्रे’ म्हणतात आणि पुष्कळदा तोंडाला नुसता रुमाल बांधून तो मारतात. प्रत्येक टप्प्यानंतर पाणी बदलतं आणि जुनं पाणी गटारात जातं. कॅम्प पाचच्या गल्ल्यांत असे शेकडो कारखाने होते. खाली ड्रम, वर माळ्यावर कामगारांची अंथरुणं. माणसं बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारची. मजुरी नगावर, कामावर घेणारा ठेकेदार, हजेरीपट कुठेच नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

ते गटार वालधुनी नदीला मिळायचं. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. ते मंदिर जिच्या काठी बांधलं ती ही नदी. तिचं पाणी कधी निळं, कधी तांबडं वाहताना इथल्या दोन पिढ्यांनी पाहिलं आहे. सगळा दोष जीन्सवाल्यांचा नव्हता. रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी होतं, आपल्या घरांचं मैलापाणी होतं, चोरून रिकामे होणारे टँकर होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात असाच एक टँकर नाल्यात ओतला गेला आणि वायू पसरून शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यामुळे हे थांबायला हवं होतं की नाही, यावर माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. वनशक्ती ही संस्था २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे गेली, ते योग्यच झालं. २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि इथल्या नगरपालिका-महापालिकांना मोठा दंड सुनावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या पुढच्या काळात वीज-पाणी तोडून जीन्स धुलाईचे कारखाने बंद करण्यात आले.

आणि ड्रमवरचा माणूस? त्याच्याबद्दल कोणत्याही कागदावर एक ओळ नव्हती. कामगार किती, कुठले, त्यांचं पुढे काय, हे विचारायची जबाबदारी कोणत्याच कार्यालयाची नव्हती. काही गावी परतले. काही मालकांनी ड्रम टेम्पोत घालून अंबरनाथच्या वस्त्यांत, कल्याण ग्रामीणमध्ये, मलंगगडाच्या पट्ट्यात, भिवंडीकडे हलवले, आणि कामगार त्यांच्यामागे गेले. म्हणजे घाण गाव बदलून राहिली आणि माणूस आधीपेक्षा जास्त लपून काम करू लागला. ज्याची रोजीरोटी जाते त्याला वाऱ्यावर सोडलं की नदीसुद्धा वाचत नाही, हे आपण इथे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

हाच प्रश्न अमेरिकेत टोनी माझोकी या कामगार नेत्याने मांडला होता. त्यांची संघटना तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगारांची, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या कामगारांची सख्खी भावंडं म्हणा. विषारी जमिनी साफ करायला अमेरिकेत १९८० मध्ये ‘सुपरफंड’ नावाचा कायदा झाला. माझोकींनी विचारलं की मातीसाठी निधी आहे, मग त्या मातीत राबलेल्या माणसासाठी का नाही? ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना अमेरिकी सरकारने शिक्षणाला पैसा दिला, तसा बंद होणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ती मागणी पुढे जगभरच्या कामगार संघटनांनी उचलली आणि २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आला.

उल्लेख आला, पण पैसा कसा आला ते पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघाने दक्षिण आफ्रिकेला साडेआठ अब्ज डॉलर जाहीर केले. कोळसा सोडा, आम्ही हात देतो. २०२२ मध्ये इंडोनेशियाशी २० अब्जांचा आणि व्हिएतनामशी साडेपंधरा अब्जांचा असाच करार झाला. २०२३ मध्ये सेनेगलशी अडीच अब्ज युरोंचा. भारताशीही बोलणी झाली, करार झाला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या त्या साडेआठ अब्जांत अनुदान किती होतं? जेमतेम चार टक्के. बाकी बहुतांश कर्ज, हमी आणि गुंतवणूक.

दक्षिण आफ्रिकेतल्याच कोमाती या वीज केंद्राचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९६०च्या दशकात उभं राहिलेलं हे कोळशाचं केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. त्याच्या जागी सौरऊर्जा, पवनऊर्जा, बॅटऱ्या आणि कामगारांचं प्रशिक्षण यासाठी जागतिक बँकेकडून ४९ कोटी ७० लाख डॉलरची योजना मंजूर झाली. त्यातलं निव्वळ अनुदान फक्त एक कोटी डॉलर. उरलेलं सगळं कर्ज. वीज कंपनीच्या कायम कामगारांना दुसऱ्या केंद्रांत सामावून घेतलं. कंत्राटी माणसं, गेटबाहेरचे खानावळवाले, खोल्या भाड्याने देणारे यांचा धंदा मात्र आधी बसला, आणि नवी कामं उभी राहायला वेळ लागला. केंद्र बंद करण्याची तारीख ठरली होती, रोजगार सुरू होण्याची ठरली नव्हती. पुढे मार्च २०२५ मध्ये अमेरिका या करारांतून बाहेर पडली. ज्याने हात देतो म्हटलं त्यानेच अर्ध्या वाटेत हात काढून घेतला, तर गरीब देशाने कोणाच्या भरवशावर खाण बंद करायची?

हे ऐकून कोणी म्हणेल की जग असंच असतं. मला ते मान्य नाही, कारण एकदा हे नीट करून दाखवलेलं आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. भारताने लगेच सही केली नाही. फ्रीज-एसीतला वायू श्रीमंत देशांनी आधी भरपूर वापरला, आता बदलण्याचा खर्च आमच्या माथी का, हा आपला सवाल होता. १९९०च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी तो ठासून मांडला. चीन आणि इतर विकसनशील देशही ठाम राहिले, आणि बहुपक्षीय निधी जन्माला आला. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. या निधीची रचना बघण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीपेक्षा नव्या पद्धतीला जो जादा खर्च येतो तो मोजायचा, आणि मुख्यतः अनुदान म्हणून द्यायचा. निर्णय घेणाऱ्या समितीत विकसित देशांचे सात आणि विकसनशील देशांचे सात, म्हणजे मतं बरोबरीची. आजवर चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम यातून दिली गेली. आपल्याकडे हा पैसा कारखान्यांपुरता थांबला नाही. गल्लीतल्या फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या प्रशिक्षणापर्यंत तो पोचला. नवा वायू कसा भरायचा, जुना हवेत न सोडता कसा काढून घ्यायचा, हे त्याला शिकवलं गेलं. रस्त्याकडेला दुकान मांडून बसलेल्या माणसापर्यंत आंतरराष्ट्रीय कराराची मदत जाऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

हवामानाच्या बाबतीत तसं घडलेलं नाही. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं कबूल केलं. भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत त्यावर आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेम इथे न्याय्य संक्रमणासाठी एक यंत्रणा उभारायचं ठरलं. यंत्रणा चांगली, पण तिच्या हातात पैसा द्यावा लागेल.

आता माझं मुख्य म्हणणं. भारत जगाकडे न्याय मागतो, तो मागायलाच हवा. पण तोच न्याय आपण कॅम्प पाचला दिला नाही. सगळीकडे अशीच हतबलता होती असंही नाही. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद करायला लावले, नोय्यल नदी मेली होती म्हणून. तिथेही छोटे बुडाले, कामगार पांगले. पण तमिळनाडू सरकारने सामाईक प्रक्रिया केंद्रांना बिनव्याजी कर्ज दिलं, पाणी पुन्हा वापरण्याचं तंत्र बसवलं, आणि तिरुपूर पुन्हा उभं राहिलं. ओझोन आणि लेझरने जीन्स फिकी करणारी यंत्रं आज आहेत, त्यांना पाणी फार कमी लागतं. पण ती गल्लीतल्या मालकाच्या ऐपतीबाहेरची आहेत. मोजून द्यावा असा जो जादा खर्च, तो नेमका हाच.

खरं तर या गावांना पुनर्वसन शिकवायची गरजच नाही. उल्हासनगर म्हणजे युद्धकाळातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिच्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज द्यायला केंद्राने १९४८ मध्ये पुनर्वसन वित्त प्रशासन काढलं. १९५४ मध्ये भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा केला. नुकताच स्वतंत्र झालेला, तिजोरी रिकामी असलेला देश उखडलेल्या माणसाला विचारत होता की तू काय करून पोट भरशील? त्रास कमी झाला नाही, बराकींतली ती वर्षं कोणालाही विचारा. पण प्रश्न विचारला गेला होता.

आणि अगदी अलीकडचा दाखला बारवीचा. आपण जे पाणी पितो त्या बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातली, बरीचशी आदिवासी, कुटुंबं उठली. लांबलेल्या संघर्षानंतर असं ठरलं की बाधित कुटुंबातल्या एकाला नोकरी द्यायची, आणि ती ज्या महापालिका व संस्था या धरणाचं पाणी घेतात त्यांनी द्यायची. पाणी ज्याला मिळतं, उठलेल्या माणसाची जबाबदारी त्याची. मला वाटतं, बाकू-बेलेममध्ये इतक्या दिवसांच्या चर्चेत जे नीट मांडता आलं नाही ते मुरबाडच्या माणसांनी इथे मान्य करून घेतलं आहे. वालधुनी स्वच्छ झाली तर फायदा कोणाचा? काठावरच्या प्रत्येक घराचा, कल्याणच्या खाडीचा, आपल्या सर्वांचा. मग ड्रमवरून उठवलेल्या माणसाचा वर्षभराचा पगार आणि नवं काम शिकण्याचा खर्च या फायद्यातून का निघू नये? प्रदूषण करणाऱ्यांकडून जी भरपाई वसूल होते ती नदी सुधारण्यासाठी धरली जाते. तिच्यातला ठरावीक वाटा बंद झालेल्या कारखान्यातल्या कामगारांसाठी बाजूला काढला पाहिजे, आणि बंदीचा आदेश निघेल त्याच दिवशी कामगारांची यादी त्याला जोडलेली असली पाहिजे.

इथे तो हजेरीपट पुन्हा येतो. यादी नसेल तर जिनिव्हातून, वॉशिंग्टनहून कितीही पैसा आला तरी तो यंत्रांत आणि सल्लागारांत जिरेल. ड्रमवरच्या माणसापर्यंत पोचायला त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं लागतं.

पुढची पाळी आता फार लांब नाही. अंबरनाथच्या आनंदनगर-मोरिवलीत, बदलापूरच्या खरवईत बॉयलर आहेत, भट्ट्या आहेत. इंधन बदलेल, काही प्रक्रिया बंद होतील, निर्यातीवर कार्बनचे नियम लागतील. युरोपने पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम आणि खतांपासून सुरुवात केलीच आहे. या सभागृहात एमआयडीसीतल्या कारखान्यांतून निवृत्त झालेले पुष्कळ जण बसले आहेत. कोणत्या शेडमध्ये किती कंत्राटी माणसं रात्रपाळीला असतात आणि त्यांतल्या कितींची नावं कागदावर आहेत, हे कामगार कार्यालयापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. औद्योगिक वसाहतीनिहाय अशी नोंद करायला आजपासून सुरुवात करा, कामगार संघटनांना बरोबर घ्या, उद्योजकांच्या संघटनेला बोलवा, आणि ती नोंद घेऊन कामगार आयुक्तांच्या दारात जा. मी बरोबर येईन.