कोणाची वाटी?



 डॉक्टर-आहारतज्ज्ञांच्या या परिषदेच्या आधीच्या अध्यक्षांची उंची मला नाही असं म्हणायची रीत आहे. माझ्या बाबतीत ते खरंही आहे. मला दिलेला विषय 'मराठवाड्याचा पारंपरिक आहार : एक आढावा'. आढावा लिहून दिलाय, स्मरणिकेत छापलाय. ज्वारी, करडई, जवस, अंबाडी, येसर, धपाटे, सगळं आहे त्यात. घरी वाचा. मला आज एका वाटीबद्दल बोलायचंय. एकतीस वर्षं साठलंय.

ही ती वाटी. मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगते : जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची आहे, काठाला एक पोचा आहे, आणि पाणी भरून मोजली तर 520 मिलिलिटर भरते.

फुलंब्रीकडचे एक आजोबा माझ्याकडे यायचे. साखर काही केल्या उतरेना. मी त्यांना छापील तक्ता दिला होता : एक वाटी भात, एक वाटी वरण, दोन पोळ्या किंवा दोन भाकरी. दर महिन्याला विचारायचे, "पथ्य पाळता ना?" ते म्हणायचे, "तुमी सांगितल्यापरमानं एकच वाटी खातो की, म्याडम." चौथ्या महिन्यात मी त्यांना खोटारडे म्हणाले. तोंडावर, सुनेसमोर. पुढच्या वेळी ते काही न बोलता आले, कापडी पिशवीतून ही वाटी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. माणूस चार महिने अक्षरशः माझ्या तक्त्याप्रमाणे जेवत होता. तक्त्यातली वाटी दीडशे मिलिलिटरची, हे तक्त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. मलाही कधी लिहावंसं वाटलं नव्हतं.

भाकरीचं तर विचारूच नका. मग त्यांच्या सुनेला पीठ घेऊन बोलावलं. काठवटीत मळून तिनं जी भाकरी थापली, तिला 110 ग्रॅम पीठ लागलं. म्हणजे साधारण पावणेचारशे उष्मांक. तक्ता करणाऱ्यानं 'दोन पोळ्या किंवा दोन भाकरी' लिहिताना डोळ्यांपुढे फुलका ठेवला होता, सत्तर-ऐंशी उष्मांकांचा. ज्या मुलखात दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होती, जिथं तेलाला पळी होती, तिथं आपण लोकांच्या हातात नुसती 'वाटी' दिली. कोणाची? शहरातल्या स्टीलच्या सेटमधली.

आता सकाळच्या चर्चेकडे येते. तूप चांगलं की वाईट यावर दीड तास गेला. एका तरुण सहकाऱ्यानं तुपाला 'आपली परंपरा' म्हटलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. कोणाची परंपरा, हे मला विचारायचं होतं.

माझ्या केस-पेपरवर एक ओळ होती : 'तूप किती?' वाळूजकडच्या एका बाईंनी सांगितलं, "तूप कुठलं वो आमच्याकडं?" मी लिहिलं, शून्य. 2015 साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. महार-मांगांच्या मराठवाड्यातल्या स्वयंपाकाचं ते पुस्तक वाचताना मला त्या बाई आठवल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा विचारलं, चान्या, म्हणजे वाळवलेलं गाई-बैलाचं मांस, खाता का? चरबी कढवून ठेवता का? त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग हसल्या. म्हणाल्या, "बाई, तुमी इचारलंच नव्हतं." घरी डब्यात चरबी असायची, ती भाकरीबरोबर, कधी कालवणात. त्याच वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली होती, त्यामुळे त्या डब्याबद्दल कोणी आपणहून बोलेल ही शक्यताही संपली. तोवर कित्येक वर्षं त्यांच्या कोलेस्टेरॉलचा हिशेब मी अर्ध्याच थाळीवर मांडत होते.

आणि रसायनशास्त्राला जात कळत नाही. तुपात संपृक्त मेद साठ टक्क्यांच्या पुढे, गाई-बैलाच्या चरबीत पन्नासच्या आसपास. दोन्हींचा ग्रॅम नऊ उष्मांकांचाच. तरी एक सात्त्विक आणि दुसरं लपवायचं. मधल्या काळात 1937 पासून आपण डालड्याला 'तूप' म्हणत गेलो. त्यातलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर आणायला 2022 उजाडलं. डालड्याच्या डब्यावर मात्र कोणी नाक मुरडलं नाही, लग्नाच्या बुंदीत तो चालायचा. मी चरबीची वकिली करत नाही. नान खलियावरची तर्रीही मला आवडते, म्हणून ती वाटीभर प्यायला सांगत नाही. थोडी असेल तर तूपही चालेल, चरबीही चालेल. पण आधी विचारा तरी!

दुसरा वाद डॉ. दीक्षित आणि आहारतज्ज्ञ दिवेकर यांच्या आहारपद्धतींचा. दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत, की दर दोन तासांनी थोडं थोडं? 2018-19 च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरात यावरून भांडणं झाली. माझ्या एका पेशंटच्या घरी दोन जावा, एक या पंथाची, एक त्या. दोघींचं वजन उतरलं! दोघी माझ्यासमोर भांडल्या. मी तेलाची चौकशी केली. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो तेल लागायचं, म्हणजे माणशी रोज 40 ग्रॅम. थोरलीनं पोळ्यांना तेल लावणं सोडलं, धाकटीनं तळण बंद केलं, आणि तेल चार किलोवर आलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या थाळीला 27 ग्रॅम तेल-तूप दिलंय. चार किलोचा हिशेब जवळपास तोच. दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी मला क्षमा करावी, पण माझ्यापुरता हा वाद त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात मिटला.

दुपारी आपण बफे जेवलो. 'पोर्शन साइज'वरच्या सत्रानंतर लगेच. जिलेबीच्या रांगेत मीही होते, कोणाचं नाव घेत नाही.

पुढच्या कामांबद्दल बोलायला सांगितलंय. जिल्हावार वाट्या मोजायला हव्यात, भाकऱ्या तोलायला हव्यात, केस-पेपरवरचे प्रश्न बदलायला हवेत. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मंडळींशी बोलावं लागेल. समिती करू, नावं नंतर ठरवू. तक्ता छापायचाच असेल तर निदान वाटीचं चित्र खऱ्या मापाचं छापा, कागदावर वाटी ठेवून बघता आली पाहिजे.

आजोबा आता नाहीत. वाटी त्यांनी परत नेलीच नाही. मी शेवटपर्यंत माफीही मागितली नाही, पुढच्या खेपेला मागू म्हणत राहिले. मी ही वाटी आता पहिल्या रांगेत देते, मागेपर्यंत फिरवा. हातात धरून बघा, किती भात मावेल त्याचा अंदाज करा. आणि कृपा करून माझ्याकडे परत पोचवा, सून अजून अधूनमधून विचारते.