सीट वर करा, बाई!

(महिला गटांच्या मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण रेशन, पोटगी, पोलीस चौकी यावर बोललो. आणि आता जेवणानंतर सायकल! काहीजणींना वाटत असेल, हे काय मधेच. शिवाय जेवणात भात होता. ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तेवढं जागं राहावं.

काही वर्षांपूर्वी आमच्या पुण्यातल्या गटाला बारा सायकली देणगीत मिळाल्या. गट घरकामगार बायकांचा. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून निघायचं, बिबवेवाडीत तीन-चार घरची धुणीभांडी करायची आणि चालत परत यायचं. रोजचा दीड तास नुसता चालण्यात जायचा. रिक्षा परवडत नाही, बस वेळेवर नाही. म्हणून आम्हीच सायकली मागितल्या होत्या. देणगीदारांनी नव्याकोऱ्या दिल्या, फिती लावून, फोटो काढून. पटांगणावर आम्ही महिनाभर शिकवणी घेतली. पन्नाशीच्या मावशीसुद्धा शिकल्या. पडल्या, हसल्या, शिकल्या.

दोन महिन्यांनी बारातल्या तीन चालू होत्या. बाकीच्या घराबाहेर साखळीनं बांधलेल्या, एक मुलगा घेऊन गेलेला, एक विकलेली. देणगीदारांचा फोन आला, “बायकांना दिलं की असंच होतं.” मला राग आला. पण खरं सांगते, तो राग मी काढला आमच्याच बायकांवर. बैठकीत म्हटलं, एवढं मिळवून दिलं तर तुम्हाला चालवायला काय होतं? कोणी काही बोललं नाही. शेवटी एक मावशी म्हणाल्या, “ताई, तुम्ही एकदा बसा तिच्यावर. आणि बिबवेवाडीचा चढ चढून दाखवा.”

मी बसले. चढाच्या अर्ध्यात उतरले. मनगटं भरून आली होती, मान आखडली होती, गुडघे तर विचारू नका. ओढणी चेनमध्ये जाऊन काळी झाली ती वेगळीच.

सायकल कशी होती सांगते. सरळ दांड्यासारखं हँडल, तेही खाली आणि लांब, म्हणजे माणूस ओणवा. जाड खाचांचे टायर. गिअर होते, पण तारा सैल पडलेल्या. चेनवर कव्हर नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. डोंगरात उड्या मारणाऱ्या पोरासाठी केलेली सायकल होती ती. आमच्या मावशींना डब्याची पिशवी न्यायची असते, नेसूची साडी असते, पावसाळ्यात चार महिने चिखल असतो. यातलं काहीही त्या सायकलीला माहीत नव्हतं. आणि ती निवडताना आम्ही बायकांना काय विचारलं होतं? फक्त रंग. लाल हवा की जांभळा.

मग मी आमच्या भागातल्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडे जाऊन बसायला लागले. हा माणूस चाळीस वर्षं सायकली उघडतो आहे. त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट केली. पान्यानं सीटचा बोल्ट सैल केला, सीट चार बोटं वर ओढली आणि म्हणाले, “आता चालवा.” गुडघ्याचं निम्मं दुखणं तिथेच गेलं.

हे जरा नीट समजून घेऊ. आपण बायका उशिरा शिकतो, पडायची भीती असते, म्हणून सीट एवढी खाली ठेवतो की दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. मग पॅडल वर येतं तेव्हा गुडघा पोटाशी येतो आणि तसा दुमडलेला असतानाच त्याच्यावर सगळा जोर पडतो. उकिडवं बसून कोणी दिवसभर जिना चढेल का? माप असं घ्यायचं: भिंतीला धरून सीटवर बसा, एक पॅडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तेवढाच हवा. अशा सीटवर बसून तळवे टेकणार नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, किंवा एका पायाचा चवडा टेकायचा. याची सवय एका दिवसात होत नाही. आम्ही दर आठवड्याला अर्धा इंच वर केली.

आता सीटबद्दल अजून एक, आणि हे बोलायला मलाही वर्ष लागलं. ओणवं बसून चालवलं की सीटचं टोक नको तिथे रुततं. आमच्यातल्या दोघींना जखमा झाल्या होत्या, लघवीला आग होत होती. दोघींनीही सायकल सोडली आणि कारण सांगितलं “वेळ मिळत नाही.” आपल्या शिबिरांत आपण शरीराबद्दल इतकं बोलतो, पण हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. ताठ बसलं की वजन मागच्या दोन हाडांवर येतं. म्हणून ताठ बसायच्या सायकलीला सीट रुंद आणि खाली स्प्रिंग असलेली लागते. बहुतेक बायकांची ही हाडं पुरुषांपेक्षा थोड्या जास्त अंतरावर असतात, त्यामुळे अरुंद सीट आपल्याला लवकर बोचते. सीट सपाट ठेवा, फार तर टोक किंचित खाली. फार खाली केलं की पुढे घसरायला होतं आणि भार परत मनगटावर. आणि हँडल सीटपेक्षा उंच, टोकं आपल्याकडे वळलेली. जुन्या काळ्या सायकलींचं असतं तसं.

काळी सायकल म्हटल्यावर काहीजणी हसल्या. दूधवाल्याची, पोस्टमनची. पण मी तिचीच बाजू घेणार आहे. ती ताठ बसवते, तिला गिअरच्या तारा नाहीत, चेनला बंद कव्हर आहे, ब्रेक सळयांचे आहेत जे गल्लीतला कोणीही दुरुस्त करतो. हॉलंडमध्ये अशाच ठेवणीच्या, मधला आडवा दांडा नसलेल्या सायकलीला ‘ओमाफिट्स’ म्हणतात, म्हणजे आजीची सायकल. आणि या आजीच्या सायकलीवर तिथे पुरुषही बसतात, कोणाची इज्जत जात नाही. आपल्याकडे मात्र “लेडीज सायकलवर मी बसणार नाही” म्हणणारे भरपूर. याचा फायदा आमच्या एका मैत्रिणीनं सांगितला: “म्हणून तर ती माझ्याकडे राहिली, ताई. पहिली तर पोरानं नेली.”

काळ्या सायकलीचे दोष दोन. एक, जड चालते. दोन, पावसात ब्रेक धरत नाही.

जडपणाचं गणित सोपं आहे. पॅडलजवळच्या मोठ्या चकतीला बहुधा ४४ दाते असतात आणि मागच्या चाकाच्या लहान चकतीला, जिला सगळे फ्रायव्हील म्हणतात, १८. पॅडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २६ इंची चाक असेल तर सायकल साधारण पाच मीटर जाते. सपाट रस्त्यावर ठीक, चढावर मात्र त्या पाच मीटरचा सगळा भार त्या एका फेऱ्यात. १८ च्या जागी २२ दात्यांचं फ्रायव्हील बसवलं की चाक बरोबर दोनदा फिरतं, चार मीटरच्या थोडं वर जाते. पाय जास्त वेळा फिरवावा लागतो पण जोर पाचव्या हिश्श्यानं कमी लागतो. चेनला एखादी कडी वाढवावी लागते, बस्स. या बदलाला फार पैसे लागत नाहीत. वेग कमी होतो, हे खरं. आमच्या बायकांना शर्यत लावायची नव्हती.

पहिली सायकल आम्ही अशी जोडली: जुन्या बाजारातून दांडा नसलेली जुनी फ्रेम, गंज घासून रंगवलेली. फ्रेम घेताना जोडांजवळ नखानं रंग खरवडून बघा, तडा असेल तर फुकटातही घेऊ नका. चाकं २६ ची. इथे मी फसले. २६ म्हणून टायर आणला तो बसेना. २६ × १⅜ लिहिलेला टायर आणि जाड सायकलींचा २६ × १.९५ लिहिलेला टायर यांच्या रिमा वेगळ्या असतात, नावाला दोन्ही सव्वीसच. तेव्हा टायरवरचा आकडा पूर्ण वाचा. रिम ॲल्युमिनियमची घेतली, कारण ओल्या पोलादी रिमेवर रबर घसरतं. ॲल्युमिनियमवर पावसात बरंच बरं धरतं. ज्यांच्याकडे पोलादी आहे त्यांनी पावसात आधीपासून हलका ब्रेक दाबत यायचं, म्हणजे रिमेवरचं पाणी पुसलं जातं. चेनला पूर्ण कव्हर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, कारण पदर चेनपेक्षा आऱ्यांतच जास्त अडकतो. दोन्ही मडगार्ड, भक्कम कॅरिअर, दोन पायांचं स्टँड, मागे लाल चकती. संध्याकाळी सातला परत येणाऱ्या बाईला दिवा लागतोच, त्यात काटकसर नको.

मधला दांडा हवा की नको, यावर मात्र मी हट्ट करत नाही. साडीला दांडा नसलेली बरी, असं मला वाटायचं. १९९० नंतरच्या वर्षांत तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो गरीब बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी ते १९९६ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे. तिथे लेडीज सायकली संपल्या तेव्हा बायकांनी जेंट्स घेतल्या, आणि काहीजणींना त्याच आवडल्या. का? पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं! म्हणजे आधी विचारायचं, बाई, तुला काय न्यायचं आहे? बिहार सरकारनं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मुलींना मिळतात. चांगलंच आहे. फक्त मिळाली की पहिल्याच दिवशी पाना घेऊन तिच्या मापाची करा. शाळेतल्या बाई हे करू शकतात, मेकॅनिक लागत नाही.

देखभाल फार नाही. आठवड्याला हवा. जड चालण्याचं सगळ्यात मोठं कारण कमी हवा हेच असतं आणि दोष दिला जातो बाईच्या पायांना. अंगठ्यानं टायर जोरात दाबा, सहज दबला तर हवा भरा. चेनला महिना-दोन महिन्यांनी चार थेंब तेल, जास्त नको, धूळ धरते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चाकांचे छर्रे काढून धुऊन नवं ग्रीस. आमच्या गटात आता पाचजणींना हे येतं. एकीचा नवरा म्हणाला, “हात काळे करायची कामं बायकांची नव्हेत.” ती म्हणाली, “तीन घरचे तवे घासते, तेव्हा हात गोरे असतात काय?”

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. बारातल्या सातजणी आज सायकल चालवतात. दोघींच्या घरून अजूनही परवानगी नाही, तिथे सीट वर करून भागत नाही. एकीचा अपघात झाला, रस्ता रुंद झाला आणि गाड्या वेगात यायला लागल्या, त्याला मी कुठला पाना लावू? त्याचं निवेदन तयार आहे, बाहेरच्या टेबलावर सह्या करून जा.

माझी सायकल बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभी आहे, कुलूप काढलेलं आहे. पाना हँडलच्या पिशवीत आहे, भोकाभोकांचा. ज्यांना बसून बघायचं त्यांनी चहाच्या सुट्टीत बघा, सीट आपल्या मापाची करून घ्या. परत माझ्या मापाची करायची गरज नाही, मी करीन. आणि स्टँड जरा कडक आहे, पायानं जोरात मारा.