कोकणातील ऊन पाण्याचे झरे : उगम आणि प्रकार

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

कोकणात गावाच्या नावातच पुष्कळदा त्या गावच्या पाण्याचा इतिहास साठवलेला असतो. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे आणि राजापूरजवळचे उन्हाळे या तिन्ही नावांत ‘ऊन’ म्हणजे उष्ण हा शब्द आहे. भूगर्भशास्त्राचा जन्म होण्यापूर्वीच लोकांनी या झऱ्यांची नोंद करून ठेवली होती, ती अशी. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, सातिवली व कोकनेर, महाडजवळचे सव, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ व राजवाडी अशी ही मालिका दक्षिणेस राजापूरपर्यंत जाते. नकाशावर ही स्थळे टिंबांनी दाखविली, तर सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधून जवळजवळ सरळ अशी उत्तर-दक्षिण रेषा उमटते. तिची लांबी तीनशे किलोमीटरहून अधिक आहे.

ही रेषा योगायोगाने पडलेली नाही. तथापि तिच्या कारणाकडे वळण्यापूर्वी एक रूढ समजूत दूर करणे आवश्यक आहे. कोकणचा खडक ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला असल्याने त्या लाव्हाची धग अद्याप खाली शिल्लक असावी, असे अनेकांना वाटते व काही ठिकाणी मुलांना तसे सांगितलेही जाते. वस्तुतः दख्खनच्या पठाराचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. इतक्या काळात तो केव्हाच निवून गेला. येथील पाणी तापते ते पृथ्वीच्या पोटातील नित्याच्या उष्णतेने. जमिनीत खोल जावे तसे दर किलोमीटरला सर्वसाधारणपणे पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस तापमान वाढत जाते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश उष्ण आहे आणि कोकणातील जमिनीचे सरासरी तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास धरता येते. म्हणजे हे पाणी निदान दीड किलोमीटर खोल जाऊन आलेले असले पाहिजे. वर येताना ते थोडे निवते, हे लक्षात घेतले तर त्याहूनही खोल. हा हिशेब आठवीचा विद्यार्थी फळ्यावर मांडू शकेल.

मग हे पाणी मुळात कोठले? ते पावसाचेच आहे. पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण तपासले असता ते पर्जन्यजलाशी जुळते. कोकणात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील बहुतेक पाणी काही तासांतच ओढ्यानाल्यांनी खाडीला मिळते. अगदी थोडा अंश खडकातील भेगांत शिरून खाली उतरतो, तापतो, हलका होतो आणि दुसऱ्या भेगेतून वर ढकलला जातो. या प्रवासाला अनेक दशके, कदाचित त्याहूनही अधिक काळ लागतो. भाविक ज्या कुंडात आज स्नान करतो, त्यातील पाणी त्याच्या आजोबांच्या काळी पडलेल्या पावसाचे असू शकेल.

आता त्या रेषेविषयी. आपल्या भूभागाची पश्चिमेकडील बाजू तुटून विलग झाली व आजचा किनारा अस्तित्वात आला, त्या घडामोडीत किनाऱ्याला समांतर अशा मोठ्या भेगा पडल्या. पनवेलच्या परिसरात बेसाल्टाचे आडवे थर पश्चिमेकडे वाकलेले स्पष्ट दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यास पनवेलची वाकण म्हणतात. या भेगा लाव्हाच्या थरांखालील प्राचीन ग्रॅनाइटापर्यंत पोहोचलेल्या असाव्यात. सह्याद्रीपलीकडे कोयनेच्या परिसरात रासाटी येथे जे खोल छिद्र घेण्यात आले, त्यात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइट लागला होता. त्यावरून या थरांच्या जाडीची कल्पना येईल.

सर्वच ऊन पाण्याला ‘गंधकाचे पाणी’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा आहे. काही झऱ्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा, आणि तोही अल्प प्रमाणात. कोकणातील पाण्याचा खरा गुणधर्म म्हणजे त्यातील सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड. मॅग्नेशियम मात्र त्यात फारच कमी असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम विपुल असल्याने, हे नुसते समुद्राचे झिरपलेले पाणी नव्हे, एवढे निश्चित होते. क्लोराइड कोठून आला, याविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. उष्ण पाण्यात सिलिका अधिक विरघळते. तिच्या प्रमाणावरून खोलवरचे तापमान शंभर अंशांच्या पलीकडे असल्याचे अनुमान काढतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशाच्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात कोकणच्या या पट्ट्याची स्वतंत्र दखल घेतलेली आहे.

राजापूरची गंगा हा याहून वेगळा प्रकार. तिचे पाणी थंड असते. साधारणतः तीन वर्षांनी चौदा कुंडांत ती प्रकटते आणि काही काळाने नाहीशी होते. तिचे वेळापत्रक मात्र कोणाच्या पंचांगात बसत नाही. खडकातील पोकळी भरली की वक्रनळीप्रमाणे पाणी वाहू लागते, असा तिचा उलगडा केला जातो. जवळच उन्हाळ्याचा ऊन झरा वर्षभर वाहतो. दोन स्वभावांचे पाणी इतक्या थोड्या अंतरावर क्वचितच पाहावयास मिळते.

त्वचाविकारांवर हे पाणी गुणकारी मानतात. स्नानास हरकत नाही. परंतु पिण्याविषयी सावध राहिले पाहिजे. उष्ण खनिज पाण्यात फ्लोराइड पुष्कळदा वाढलेले आढळते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड सतत पोटात गेल्यास दात व हाडे बिघडतात. तपासणी झाल्यावाचून असे पाणी बाटलीत भरून ‘औषधी’ म्हणून विकू देणे पंचायतीने खपवून घेऊ नये.

दुसरा धोका अधिक मोठा असून तो डोळ्यांस दिसत नाही. झऱ्याची वाट म्हणजे एखादीच अरुंद भेग असते. कुंडाशेजारी निवासगृहासाठी विंधन विहीर घेतली आणि तिने ती भेग गाठली, तर वर येणारा दाब घटतो किंवा उथळ थंड पाणी आत मिसळते. तुटलेली वाट पुन्हा जोडता येत नाही. राज्याने १९९३ मध्ये कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहिरीवर निर्बंध घातले. त्याचा रोख पिण्याच्या पाण्यावर होता. ऊन झरा पिण्याचा उद्भव नसल्याने अशा संरक्षणात तो आपोआप येत नाही. तेथे ग्रामसभेचा ठराव आणि बांधकाम परवानगी देताना घेतलेली दक्षता हाच आधार उरतो. विहिरीला संमती देण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा अभिप्राय घेणे कठीण नाही.

झरा बिघडतो आहे हे कळण्यासाठी आधीची नोंद हाताशी हवी. ती गावची शाळा ठेवू शकेल. जानेवारीत आणि मे महिन्यात ठरलेल्या दिवशी पाण्याचे तापमान मोजावे, आणि ठरावीक मापाची बादली किती सेकंदांत भरते तेही लिहून ठेवावे. तापमान कुंडात न घेता झऱ्याच्या मुखाशी घ्यावे. तापमापक प्रयोगशाळेतील, शंभर अंशांपर्यंतचा असावा. तापाचा बेचाळीस अंशांपर्यंतच मोजतो आणि तुरळ किंवा उन्हवऱ्याच्या पाण्यात तो हमखास फुटतो.