रोपाचे तीन उन्हाळे



आषाढ-श्रावणात आपल्या इंदुरात वृक्षारोपणाचे समारंभ मोठ्या उत्साहाने पार पडतात. छायाचित्रेही छापून येतात. वैशाखात त्या खड्ड्यांत काय उरले आहे, हे पाहायला मात्र सहसा कोणी जात नाही. म्हणून आज मला केवळ पाण्याविषयी बोलायचे आहे.

‘शब-ए-मालवा’चा आपल्याला सार्थ अभिमान आहे, पण रोपाला माळव्याचा दिवसही सोसावा लागतो. त्यातून आपली माती काळी. ती वाळली की भेगाळते, त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात आणि उरलीसुरली ओल त्याच वाटेने उडून जाते.

उज्जयिनीशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. लावलेल्या झाडांना ग्रीष्मात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा पाणी द्यावे, असे तो सांगतो. नव्या रोपापुरते ते योग्यच. परंतु रोप रुजल्यावर, आपल्या काळ्या मातीत, रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्याने दोन-तीन बादल्या सावकाश जिरवणे मला अधिक हितकर वाटते. वरवरच्या ओलीने मुळेही वरच राहतात, आणि सर्वांत आधी तापते ती वरचीच माती. आळे बुंध्यापासून थोडे दूर असावे, झाडाच्या विस्ताराबरोबर रुंदावत न्यावे, त्यावर चार बोटे पाचोळा पसरावा. भेगा दिसताच हलक्या हाताने खुरपून बुजवाव्यात.

वैशाखात महादेवाच्या पिंडीवर आपण गळती बांधतो. तीच युक्ती इथेही चालते. मडक्याच्या तळाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात बसवावी आणि ते रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे. तोंडावर झाकण हवेच, नाहीतर डासांची सोय व्हायची!

नर्मदेचे पाणी १९७८ पासून सुमारे ७० किलोमीटरांवरून उपसून आपल्या घरी येते. ते झाडाला घालताना मन कचरते, आणि कचरावेही. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेले पाणी साठवले, तर एका रोपाची तहान त्यावर बरीचशी भागते.

खरी अडचण निराळीच आहे. मे महिन्यात महाविद्यालये बंद, बिऱ्हाडे गावी. नेमके तेच पंधरा-वीस दिवस रोपाच्या जिवावर बेततात. आपल्याकडे पुस्तक ज्याच्या नावावर, जबाबदारीही त्याचीच. तशीच आवारातील प्रत्येक रोपाची नोंद एकेका सभासदाच्या नावे व्हावी आणि गावी जाताना त्याने ते दुसऱ्याच्या नावावर करून जावे. हे सलग तीन उन्हाळे. देवघेवीच्या टेबलावर अशी एक वही ठेवावी, अशी कार्यवाहांना माझी विनंती आहे. पहिल्या रोपापुढे माझे नाव लिहावे.