कच्चे मडके आणि गुणपत्रिका

(नरसी नामदेव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



नामदेवांच्या या जन्मगावी परीक्षेविषयी बोलायचे, तर नामदेवांच्याच परीक्षेपासून आरंभ करणे उचित ठरेल. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले, ही कथा या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. इतरांनी आघात मुकाट्याने सोसला. नामदेव तेवढे चिडले, आणि हे मडके कच्चे असा निकाल लागला. कथेच्या ऐतिहासिकतेचा वाद येथे नको. महत्त्वाचे आहे ते निकालानंतरचे. नापास ठरलेल्या नामदेवांना गुरू मिळाला. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथला ते विसोबा खेचरांकडे गेले. पुढे ते पंजाबात पोचले, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. काय शिकवायचे राहिले आहे, हे त्या परीक्षेने दाखवले. आजची परीक्षा कोणाला वगळायचे ते ठरवते. विद्यार्थ्याच्या थकव्याचे मूळ तेथे आहे.

हा थकवा अभ्यासाचा नव्हे. शेतकऱ्याच्या मुलाला कष्टांचे भय नसते. पण दहावीच्या निकालापासून त्याचे नावच मागे पडते आणि टक्के पुढे येतात. पाहुणा आला की पहिला प्रश्न टक्क्यांचा. इतिहासातील एखादा प्रसंग आवडला, तर ‘हे परीक्षेला येणार आहे का?’ असे तो स्वतःलाच विचारतो आणि पान उलटतो. बारावीला तर बोर्ड, सीईटी आणि नीट अशा तीन तऱ्हांनी त्याला मोजले जाते. सराव चाचण्यांची गणती वेगळीच.

समुपदेशक म्हणतात, मुलाने मन खंबीर करावे. सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. २०२४ साली नीटसाठी २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. देशातील एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख १० हजार, आणि त्यांतील सरकारी निम्म्याच्या आसपास. म्हणजे शंभरांतील पंचाण्णव मुले कितीही अभ्यास केला तरी बाहेर राहणारच होती. सगळ्यांनी पन्नास गुण अधिक मिळवले असते, तरी जागा एकानेही वाढली नसती. वाढली असती ती केवळ प्रवेशाची रेषा. टंचाईच्या काळात रेशनच्या दुकानापुढे रांग लागते, तशी ही रांग आहे. फरक एवढाच, की येथे रिकाम्या हाताने परतणाऱ्याला तुझीच लायकी कमी पडली असे सांगितले जाते, आणि तो ते खरे मानतो. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. या साऱ्यांचे कारण परीक्षाच होते असे कोणी म्हणू नये. तथापि एवढी मुले केवळ दुबळ्या मनाची होती, असे म्हणणेही बेजबाबदारपणाचे आहे.

रांगेत पुढे सरकण्याची किंमतही सारख्या प्रमाणात मोजावी लागत नाही. हिंगोली-वसमतकडचा कुणबी हळद आणि सोयाबीनचा पैसा घेऊन लातूर-नांदेडला मुलाची शिकवणी लावतो. आई तेथे खोली घेऊन राहते, बाप गावाकडे एकटा हाताने भाकरी करतो. मुलाचे नाव गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते, मूल शहरातल्या क्लासमध्ये. प्रत्येक चाचणीत त्या मुलाला आपले गुण दिसत नाहीत, बापाचे कर्ज दिसते. आणि शेतमजुराच्या मुलीला तर ही रांगही दुरूनच पाहावी लागते.

हिंगोलीला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु डॉक्टर होणे हाच मानाने जगण्याचा मार्ग उरला असेल, तर दहा महाविद्यालयांनीही हा ताण उतरणार नाही. शेती तोट्यात, सरकारी भरती खोळंबलेली, खाजगी नोकरीत उद्याचा भरवसा नाही; मग सारे गाव एकाच दाराशी लोटते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे विचारले होते, की रयतेच्या करावर उभे असलेले शिक्षण रयतेच्या मुलांपर्यंत का पोचत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्चण्यास सांगितले; तो आकडा आजवर गाठला गेलेला नाही. बारावीच्या परीक्षेत भरारी पथके येतात. त्या वर्गाला वर्षभर विज्ञानाचा शिक्षक होता की नाही, प्रयोगशाळेचे कुलूप निघाले की नाही, हे पाहायला मात्र कोणतेच पथक येत नाही.

थोडे आपल्याकडेही पाहावे लागेल. निकाल लागला की आपलेही कार्यकर्ते ‘गुणवंतांचा सत्कार’ ठेवतात. नव्वद टक्क्यांना शाल, नारळ आणि चौकात फलक. ज्याला पंचेचाळीस मिळाले तो त्या दिवशी चौकातून जायचे टाळतो. गुण या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे, याचा विसर आपल्यालाही पडला.

दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून निकालानंतर काही आठवड्यांतच होते. बहुतेक मुले गणितात नाही तर इंग्रजीत अडकतात. तेवढ्या आठवड्यांत शिकवायला नरसीत आणि आसपासच्या खेड्यांत कोण बसणार, संध्याकाळी शाळेच्या खोल्या कोण मागून घेणार, आणि नापास झाल्यावर घराबाहेर न पडणाऱ्या मुलांच्या दारी कोण जाणार, ही नावे आजच्या बैठकीत लिहून घ्यावीत. सत्काराचा खर्च या वर्षी त्याच कामाला लागावा.