द्राक्ष बागायतदारांच्या गटाने काय बोलावे?

(ऑक्टोबर छाटणीपूर्वीच्या द्राक्ष बागायतदार मेळाव्यातील भाषण)



आपण सारे बांधाला बांध लागून असलेले लोक. गट स्थापन करावयाचे ठरवून आपण मला बोलावलेत, याचा आनंद वाटतो. अध्यक्ष कोण, वर्गणी किती, हे आपण ठरवालच. मला बोलायचे आहे ते गटात बसल्यावर एकमेकांना काय सांगायचे, याबद्दल.

महाराष्ट्रातील द्राक्षशेती बागायतदारांनी एकत्र येऊन वाढविली. द्राक्ष बागायतदार संघ १९६० च्या सुमारास उभा राहिला. निर्यातीसाठी सहकारी संस्थांनी मिळून १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी केली. वाणांचेही तसेच. तास-ए-गणेश प्रयोगशाळेतून आलेला नाही. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून तो निवडला. सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडला. या वाणांच्या काड्या गावोगाव पोहोचल्या, म्हणून ते वाढले.

पण यश सांगायला कोणी लाजत नाही. मण्याची फुगवण चांगली झाली की चार गावांचे लोक बाग पाहायला येतात. औषध चुकले, घड जिरले, मणी तडकले, की मात्र बागेचे फाटक बंद! माझ्या मते गटाची खरी गरज या बंद फाटकापाशी आहे.

सन २०१० चा हंगाम आठवा. एप्रिल छाटणीनंतर वाढ रोखावी, सूक्ष्म घडनिर्मिती चांगली व्हावी, म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपले सीसीसी, सर्रास फवारले जाई. त्याचे अंश पुढे द्राक्षात सापडले. युरोपात मर्यादा होती ०.०५ पीपीएम. माल तेथील बंदरांत अडकला. ग्रेपनेटमुळे २००६ पासून पेटीवरून बाग ओळखता येत होती हे खरे, परंतु संशय आला तो साऱ्याच भारतीय द्राक्षांवर. ज्याने सीसीसीला हात लावला नव्हता, त्यालाही खरेदीदाराच्या दारात उभे राहावे लागले. शेजारी उन्हाळ्यात काय फवारतो, हा आपल्याही हिशेबाचा प्रश्न आहे, तो असा.

केवड्याचेही तेच. पानाच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी आली, रात्री दमट हवा राहिली, की तिचे बीजाणू वाऱ्यापावसाबरोबर पसरतात. बांध त्यांना अडवीत नाही. पहिला डाग दिसलेल्या माणसाने त्याच दिवशी गटाला सांगितले, तर बाकीच्यांना फवारणीला वेळ मिळतो. "लोक काय म्हणतील" म्हणून तो चार दिवस गप्प बसला आणि मध्ये पाऊस झाला, की फुलोऱ्यातील घड हातचे जातात. मग औषध कितीही भारी आणा.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येकाने एक वही ठेवावी. छाटणीची तारीख, औषधाचे नाव, मात्रा, पाणी किती लिटर, फवारणीनंतर पाऊस आला का, हे त्याच दिवशी लिहावे. संजीवके लाल शाईने लिहा; जीए किती पीपीएम आणि कोणत्या दिवशी, हे दोन महिन्यांनी कोणालाच नेमके आठवत नाही. गावात एक पर्जन्यमापक बसवा. आठवड्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या बागेत जमा आणि बागेचा मालक वही उघडून दाखवील. ज्याची बाग बिघडली आहे, तेथे आधी जा. देठ परीक्षणाचे नमुने एकत्र पाठविले तर खेपही वाचते आणि अहवाल शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात.

औषधे एकत्र खरेदी करावीत का, असे मला विचारण्यात आले. जरूर करा. पण तेवढ्यावरच गट बांधू नका. दर चार रुपयांनी खाली-वर झाला की असे गट फुटतात, हे मी पाहिले आहे.

आणखी एक. दुकानदाराने फुकट दिलेली, लेबल नसलेली बाटली कोणाच्याही घरी असेल तर ती पहिल्या बैठकीत आणून टेबलावर ठेवा. कोणी कोणाला हसायचे नाही, एवढा नियम आधी करून घ्या.

छाटणी तीन आठवड्यांवर आली आहे. पहिली बैठक त्याआधी घ्यावी. मागील हंगामात आपल्या बागेत काय चुकले, हे प्रत्येकाने सांगावे. सुरुवात शक्यतो गटातील सर्वांत जुन्या बागायतदारांनी करावी; तरुण मुले मग आपोआप बोलतील.